इंग्लंडमधलं प्लॅनिंग अपील: हियरिंगच्या टेबलावर बसण्याआधी आणि बसल्यावर

समजा, तुमच्या गावातल्या मराठी मंडळानं इंडस्ट्रियल इस्टेटच्या कडेचं एक रिकामं गोदाम भाड्यानं घ्यायचं ठरवलं. शनिवारी मराठी शाळा, अधूनमधून नाटक, भाद्रपदात गणपतीचे दहा दिवस. जागामालक राजी, वर्गणी जमलेली. गोदामाचा हॉल करायचा म्हणजे वापर बदलतो, त्याला प्लॅनिंग परवानगी लागते, म्हणून रीतसर अर्ज केला. आणि मग कौन्सिलचं पत्र आलं: परवानगी नाकारली. कारणं तीन. रोजगाराची जागा कमी होते, पार्किंग अपुरं आहे, मागच्या गल्लीतल्या घरांना आवाजाचा त्रास होईल.

हे मंडळ काल्पनिक आहे, पण अशी पत्रं रोज निघतात. रेस्टॉरंटसाठी, नर्सरीसाठी, बागेच्या मागच्या तुकड्यात एक घर बांधण्यासाठी. पत्रानंतरच्या वाटांपैकी हियरिंग, म्हणजे अपिलातली तोंडी सुनावणी, या एका वाटेबद्दल हा लेख आहे: मागायची कधी, तयारी कशी करायची, त्या दिवशी तिथं काय होतं. सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची यंत्रणा वेगळी, मुदतीही वेगळ्या, तेव्हा ग्लासगो-कार्डिफच्या मंडळींनी हे जसंच्या तसं वापरू नये.

आधी पत्र नीट वाचा

निर्णयाच्या नोटिशीत नकाराची कारणं क्रमांक घालून दिलेली असतात आणि प्रत्येक कारणाखाली कौन्सिलच्या लोकल प्लॅनमधल्या (त्या भागाच्या विकास आराखड्यातल्या) धोरणांचे क्रमांक असतात. ती धोरणं उघडून वाचा, नुसते क्रमांक नव्हेत. २००४ च्या प्लॅनिंग कायद्याच्या कलम ३८(६) प्रमाणे निर्णय डेव्हलपमेंट प्लॅनला (लोकल प्लॅन त्याचाच भाग) धरून द्यायचा असतो, त्याविरुद्ध काही ठोस कारण असल्याखेरीज. म्हणजे पुढचा सगळा वाद या धोरणांभोवती फिरणार आहे. आपण चांगलं काम करतो, समाजसेवा करतो, हे सांगायला हरकत नाही, पण ते कोणत्या धोरणात बसतं तेही सांगता आलं पाहिजे.

कौन्सिलच्या वेबसाइटवर तुमच्या अर्जाच्या पानावर ऑफिसरचा, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याचा, रिपोर्ट सापडेल. तो फार उपयोगी. कौन्सिलच्या हायवे विभागानं काय म्हटलं, पर्यावरण आरोग्य विभागानं आवाजाबद्दल हरकत घेतली की फक्त अट सुचवली, हे त्यात दिसतं. कधी कधी असंही होतं की ऑफिसरनं परवानगी द्या म्हटलं आणि कमिटीतल्या नगरसेवकांनी ती नाकारली. तसं करायचा त्यांना अधिकार आहे, पण मग अपिलात त्या नकाराला पुराव्यानं आधार द्यायची जबाबदारी कौन्सिलवर येते. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर तो रिपोर्ट जपून ठेवा.

मग विचार करा की अपील हवंच आहे का. कारण एकच असेल आणि नकाशात थोडा बदल करून ते मिटण्यासारखं असेल, तर सुधारित अर्ज बरा. पूर्वी वर्षाच्या आत केलेल्या अशा दुसऱ्या अर्जाला फी नसायची. ती सवलत ६ डिसेंबर २०२३ पासून बंद झाली, तरीही अपिलापेक्षा हा रस्ता बहुधा लवकर संपतो. अपिलाचा उपयोग आराखडा हळूहळू सुधारत नेण्यासाठी करता येत नाही. कौन्सिलनं आणि शेजाऱ्यांनी जे नकाशे पाहिले, साधारण तेच अपिलाचा निर्णय देणारा इन्स्पेक्टर पाहणार.

मुदत: बहुतेक अपिलांना निर्णयाच्या तारखेपासून सहा महिने. घरमालकानं स्वतःच्या घराला काही वाढवायचं असेल किंवा दुकानाच्या दर्शनी भागासारखा छोटा व्यावसायिक बदल असेल तर १२ आठवडे. त्याच बांधकामावर एन्फोर्समेंट नोटीस (विनापरवानगी कामाविरुद्धची कौन्सिलची कारवाईची नोटीस) निघालेली असेल तर मुदत २८ दिवसांवर येते, आणि इथंच लोक फसतात. एक दिवस उशीर झाला तरी अपील सहसा घेत नाहीत, अगदी अपवादात्मक कारण असल्याखेरीज. कौन्सिलनं ठरलेल्या वेळेत (साध्या अर्जाला ८ आठवडे, मोठ्या प्रकल्पाला १३) निर्णयच दिला नाही तरीही अपील करता येतं.

अपील करायचा हक्क फक्त अर्जदाराला. परवानगी मिळाली म्हणून चिडलेल्या शेजाऱ्याला तो नाही. प्लॅनिंग परवानगीच्या अपिलाला फी पडत नाही. महाराष्ट्रातून आलेल्यांना याचं आश्चर्य वाटतं, आणि अपील जिथं जातं त्याचंही. आपल्याकडे १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना, कायद्याच्या कलम ४७ खालचं अपील ४० दिवसांत राज्य शासनाकडे करायचं असतं. इथं ते प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे जातं. मुख्य कार्यालय ब्रिस्टलला टेंपल की भागात. मंत्रालयाची संस्था असली तरी तुमच्या केसचा निर्णय एक इन्स्पेक्टर स्वतंत्रपणे देतो, आणि अर्ज जणू पहिल्यांदाच समोर आलाय अशा रीतीनं सगळं नव्यानं तपासतो. त्यामुळे एक धोकाही आहे. कौन्सिलनं न काढलेला मुद्दा इन्स्पेक्टर काढू शकतो.

तीन वाटा

अपील तीन पद्धतींनी चालतं. पहिली नुसत्या कागदांवर: दोन्ही बाजू लेखी म्हणणं देतात, इन्स्पेक्टर जागा पाहून निर्णय लिहितो. बहुसंख्य अपिलं अशीच निकालात निघतात. दुसरं टोक म्हणजे इन्क्वायरी: बॅरिस्टर, साक्षीदार, उलटतपासणी, कधी कधी आठवडेच्या आठवडे. या दोन्हींच्या मधली ती हियरिंग. एका टेबलाभोवती बसून इन्स्पेक्टरच्या नेतृत्वाखाली चर्चा, साधारण एका दिवसात संपणारी. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रुळायला लागली. आज ती २००० सालच्या हियरिंग प्रोसीजर रूल्सप्रमाणे चालते.

अपिलाच्या फॉर्ममध्ये पद्धत कोणती हवी ते विचारतात. तुम्ही पसंती आणि तिची कारणं द्यायची, कौन्सिल आपलं मत देतं, पण ठरवतं इन्स्पेक्टोरेट. मधेच पद्धत बदलायचाही अधिकार त्यांना आहे. घरमालकांच्या छोट्या अपिलांना हियरिंग मिळत नाही, त्यामुळे किचन एक्स्टेन्शनसाठी ती मागत बसू नका.

मिळते कधी? इन्स्पेक्टरला प्रश्न विचारून पुरावा तपासावा लागेल असं दिसलं तर. अर्जदाराची वैयक्तिक परिस्थिती हाच मुद्दा असेल तर, जसं शेतावर राहण्याची गरज. स्थानिक लोकांनी बराच रस घेतला असेल तर. आणि दोन्ही बाजू वकिलाशिवाय आपलं म्हणणं मांडू शकतील, साक्षीदाराला शपथेवर उलट विचारायची गरज पडणार नाही, असं वाटलं तर. आमच्या काल्पनिक मंडळाची केस यात छान बसते, कारण हॉल नेमका कसा वापरणार हे नकाशावरून कळत नाही. ते विचारावंच लागतं. फॉर्ममध्ये कारण लिहायचं तेही इतकंच नेमकं: “वापराचं स्वरूप, सणांच्या दिवशीची गर्दी आणि अटी कशा असाव्यात, हे प्रश्नोत्तरांतून स्पष्ट होण्याची गरज आहे.” “आमच्यावर अन्याय झाला आहे, आम्हाला बोलायचं आहे” असं लिहून हाती काही लागत नाही.

माझं मत विचाराल तर, तुमचा मुद्दा फक्त नकाशा आणि धोरण यांच्यापुरता असेल तर कागदावरची पद्धत घ्या. लवकर होते, मनस्ताप कमी. जिथं समोरच्याला तुमचा वापर डोळ्यांपुढं उभाच राहत नाहीये, तिथं हियरिंग.

खरी लढाई कागदावर

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. हियरिंग मागितली असेल तर अपील दाखल करतानाच संपूर्ण स्टेटमेंट ऑफ केस, म्हणजे तुमची लेखी बाजू, द्यावं लागतं. “सविस्तर नंतर सांगू” ही सोय नाही. मुदतीनंतर पाठवलेले कागद सहसा परत येतात. हियरिंगच्या दिवशी पिशवीतून नवा रिपोर्ट काढलात तर आधी तो घ्यायचा की नाही यावरच अर्धा तास जाईल, आणि समोरच्याला तो वाचायला वेळ मिळावा म्हणून हियरिंग तहकूब झाली तर त्याचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो.

स्टेटमेंट नकाराच्या कारणांच्या क्रमानं लिहा. कारण एक, त्यावरचं धोरण, आपला पुरावा, निष्कर्ष. मग कारण दोन. मंडळाचा इतिहास एका परिच्छेदात आटपा. १९९८ पासून कोजागिरी करतो आणि अध्यक्ष कोण कोण झाले, याची इन्स्पेक्टरला गरज नाही.

पार्किंगचं घेऊ, कारण तिथं बहुतेक मंडळी ढिली पडतात. सल्लागार साधारणपणे ट्रिक्स नावाच्या डेटाबेसमधून तशाच प्रकारच्या हॉलला किती गाड्या येतात ते काढतात. पण मराठी शाळा आणि गणपती यांच्यासारखा हॉल त्यात सापडायचा कुठून? अशा वेळी तुमचं स्वतःचं रजिस्टर जास्त बोलकं. मागच्या वर्षी भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये कोणत्या शनिवारी किती मुलं आली, किती कुटुंबं एका गाडीतून आली, आरतीला किती माणसं होती आणि किती वाजता पांगली. हे आकडे खरे, तारखांसकट आणि तपासता येतील असे असले पाहिजेत. त्याच्या जोडीला आसपासच्या रस्त्यांवर त्याच वेळी किती जागा रिकाम्या असतात याची पाहणी लागते. लंडनमध्ये यासाठी लॅम्बेथ पद्धत म्हणून ओळखली जाणारी पाहणी प्रचलित आहे, मात्र ती मुळात रहिवाशांच्या रात्रीच्या पार्किंगसाठी आहे. तुमचा कार्यक्रम संध्याकाळी सातचा असेल तर पाहणीही सातला हवी. पहाटेचा तक्ता जोडलात तर कौन्सिलचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत तो बाजूला सारेल. शेजारच्या युनिटवाल्यानं शनिवार-रविवारी त्याची पार्किंगची जागा वापरू द्यायचं कबूल केलं असेल तर ते लेखी घ्या. तोंडी भरवशाला शून्य किंमत.

आवाजासाठी मात्र तज्ज्ञ लागतोच. त्याच्यापासून काही लपवू नका. ढोल-ताशा वाजणार असेल तर तसं सांगा आणि मोजमाप त्याच्यासकट करून घ्या. रिपोर्टात “पार्श्वसंगीत” म्हणायचं आणि शेजाऱ्यानं हियरिंगमध्ये मोबाइलवरचा मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवायचा, असं झालं तर आवाजाबरोबर तुमच्या बाकीच्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो. ढोलाचा सराव दुसरीकडे करणार असाल तर ते अर्जातच म्हणा.

रोजगाराच्या जागेबद्दल लोकल प्लॅन काय मागतो ते पाहा. बऱ्याच ठिकाणी गोदाम ठरावीक काळ बाजारात ठेवूनही भाडेकरू मिळाला नाही, याचा पुरावा मागतात. तो जागामालकाच्या एजंटाकडे असतो: जाहिराती, आलेल्या चौकश्या, मागितलेलं भाडं. भाडं अवाच्या सवा लावलं असेल तर तो पुरावा लंगडा.

याशिवाय स्टेटमेंट ऑफ कॉमन ग्राउंड नावाचा एक कागद असतो. दोन्ही बाजूंना काय मान्य आहे त्याची ही यादी. मसुदा अपिलासोबत तुम्हीच द्यायचा, मग कौन्सिलशी बोलून पक्का करायचा. नवखे लोक याला उपचार समजतात. खरं तर जागेचं क्षेत्रफळ, सध्याचा अधिकृत वापर, लागू धोरणं, जवळच्या घरापर्यंतचं अंतर, हायवे विभागाची हरकत नाही हे सगळं इथं मान्य होऊन गेलं की हियरिंगचा वेळ मोजक्या दोन-तीन वादांसाठी मोकळा राहतो. कौन्सिलचा अधिकारी फोन उचलत नसेल तर ईमेल करा, आठवण करा, आणि ते ईमेल ठेवून द्या.

स्टार्ट लेटर आल्यावर

अपील वैध ठरलं की इन्स्पेक्टोरेटचं पत्र येतं. त्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं. आठवडाभरात कौन्सिल एक प्रश्नावली भरून कागदपत्रं पाठवतं आणि आधी हरकत घेतलेल्यांना कळवतं. पाच आठवड्यांत कौन्सिलचं स्टेटमेंट, इतर लोकांची पत्रं आणि सह्या झालेलं कॉमन ग्राउंड येतं. हियरिंगची तारीख इन्स्पेक्टोरेट ठरवतं. रजेवर जाणार असाल तर आधीच सांगा, नंतर तारीख हलवणं कठीण. कलम १०६ चा करार करायचा असेल (म्हणजे काही गोष्टींची कायदेशीर हमी, उदाहरणार्थ ट्रॅव्हल प्लॅनसाठी, म्हणजे लोकांच्या येण्याजाण्याच्या योजनेसाठी, पैसे) तर त्याचा अंतिम मसुदा हियरिंगच्या किमान १० कामकाजी दिवस आधी पोचला पाहिजे. वकिलाकडे हे काम उशिरा सोपवणं ही मंडळांची जुनी सवय आहे.

हियरिंगचा दिवस

जागा कौन्सिलचं कार्यालय, कम्युनिटी सेंटर किंवा गावातला हॉल. २०२० पासून काही हियरिंग ऑनलाइनही होतात. टेबलं चौकोनात मांडलेली. एका बाजूला इन्स्पेक्टर, समोरासमोर तुम्ही आणि कौन्सिल, उरलेल्या बाजूला किंवा मागच्या खुर्च्यांवर शेजारी, नगरसेवक, एखादा स्थानिक पत्रकार. व्यासपीठ नाही, काळा डगला नाही. महाराष्ट्रात विकास आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी ज्यांनी पाहिली आहे, नाव पुकारलं की आत जायचं, दोन मिनिटं बोलायचं, निवेदन देऊन बाहेर यायचं, त्यांना इथली संथ गती चकित करते. पार्किंगच्या एका मुद्द्यावर तासभर जाऊ शकतो.

सुरुवातीला इन्स्पेक्टर स्वतःची ओळख करून देतो, कोण कोण बोलणार ते विचारतो, हजेरीचा कागद फिरतो. कौन्सिलनं सगळ्यांना रीतसर कळवलं होतं का याची खात्री करतो. मग मुख्य मुद्दे कोणते ते वाचून दाखवतो. ते लिहून घ्या. त्याच क्रमानं दिवस जाणार आहे. तुम्हाला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा त्यात नसेल तर तिथल्या तिथं नम्रपणे विचारा.

लांबलचक प्रास्ताविकं नसतात. सगळ्यांची स्टेटमेंटं इन्स्पेक्टरनं वाचलेली असतात, ती पुन्हा वाचून दाखवू नका. तो प्रश्न विचारतो, आधी बहुधा ज्याचा दावा त्याला, मग दुसऱ्याला, मग बाकीच्यांना. तुम्हाला बोलायचं असेल तर हात वर करा किंवा नावाची पाटी उभी करा, आणि बोलणं नेहमी इन्स्पेक्टरकडे पाहून. कौन्सिलच्या अधिकाऱ्याला थेट “तुम्ही असं कसं म्हणता?” विचारलंत तर इन्स्पेक्टर थांबवेल. उलटतपासणीला परवानगी नाही. मुद्दा नीट तपासला जाण्यासाठी ती लागेलच असं त्याला वाटलं तर तो देऊ शकतो, पण तशी वेळ क्वचित येते.

प्रश्न कसे येतात याचा एक नमुना.

“दहा दिवसांत रोज किती लोक येतील?”

“रोज सारखे नाहीत. पहिला दिवस, शनिवार-रविवार आणि विसर्जन, हे चार दिवस गर्दीचे. मागच्या वर्षी सगळ्यात जास्त गर्दी विसर्जनाला झाली. परिशिष्ट चारमध्ये आकडा आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला तीस-पस्तीस.”

“विसर्जनाच्या दिवशी लोक जातात किती वाजता?”

“साडेआठपर्यंत. मूर्ती आम्ही हॉलच्या मागे पिंपात विसर्जित करतो, रस्त्यावर मिरवणूक नाही.”

हे उत्तर चांगलं, कारण त्यात आकड्याचा आधार आहे, गर्दीचे दिवस स्वतःहून सांगितलेत आणि न विचारलेली शंकाही मिटली. आता याच्या उलट पाहा: “फारसे नाही येत हो, आपलीच माणसं असतात, कुणाला काही त्रास होत नाही.” असं म्हटलं की पुढचे पंधरा मिनिटं प्रश्नच प्रश्न. माहीत नसेल तर “माझ्याकडे आत्ता आकडा नाही” म्हणा. अंदाज ठोकू नका. शेजारी बसलेल्या खजिनदाराला माहीत असेल तर त्याला बोलू द्या. म्हणूनच टेबलावर प्रत्यक्ष काम पाहणारी माणसं बसवा: शाळा चालवणाऱ्या ताई, हॉलचं बुकिंग सांभाळणारा. फक्त मानाचे पदाधिकारी नकोत. इंग्रजीत बोलायला कचरणाऱ्या एखाद्या आजींचं म्हणणं मांडायचं असेल तर दुसऱ्यानं मांडावं किंवा दुभाष्याबद्दल आधीच इन्स्पेक्टोरेटच्या केस ऑफिसरला कळवावं.

वातावरण मोकळं असतं म्हणून तपास ढिला असतो असं नाही. १९९८ साली डायसन नावाच्या खटल्यात, जो शहामृगपालनाशी संबंधित अर्जावरून उभा राहिला होता, अपील कोर्टानं नेमका हाच इशारा दिला: हियरिंग सैल वातावरणात चालते म्हणून मुद्द्यांची तपासणी अपुरी राहून चालणार नाही, आणि उलटतपासणी नसल्यानं खोदून विचारायची जबाबदारी इन्स्पेक्टरवरच येते. त्यामुळे इन्स्पेक्टर तुम्हाला अवघड प्रश्न विचारत असेल तर तो तुमच्या विरुद्ध आहे असं धरून चालू नका. बहुधा तोच प्रश्न तो अर्ध्या तासानं कौन्सिललाही उलटा करून विचारतो.

शेजारी बोलतील तेव्हा चेहरा शांत ठेवा. काही बोलणं झोंबेल. “या लोकांचे कार्यक्रम” असं एखादा म्हणेलही. त्यावर इन्स्पेक्टर लक्ष ठेवून असतो, तुम्ही आवाजाच्या रिपोर्टाचं पान सांगा.

अटींची चर्चा

दुपारी, सगळे दमलेले असताना, अटींचा विषय निघतो. आणि नेमकी इथं बऱ्याच मंडळांची केस सुटते किंवा पुढच्या दहा वर्षांची डोकेदुखी तयार होते. परवानगी दिलीच तर कोणत्या अटींवर, याची चर्चा प्रत्येक हियरिंगमध्ये होते. त्यावरून निकालाचा अंदाज बांधू नका. कौन्सिलही “आमचा विरोध कायम ठेवून” तिच्यात भाग घेतं.

अट गरजेची, नियोजनाशी आणि त्या कामाशी संबंधित, अंमलात आणता येईल अशी, नेमकी आणि वाजवी असावी लागते. या सहा कसोट्या पाठ करून जा. कौन्सिलनं यादीत “हॉल रात्री ९ ला बंद” लिहिलं असेल तर विचारा: बंद म्हणजे शेवटचा माणूस बाहेर, की कार्यक्रम संपलेला? नाटकाचं सामान उचलायला तासभर लागतो. “एका वेळी जास्तीत जास्त ८० माणसं” अशी अट आली आणि तुमची विसर्जनाची गर्दी त्यापेक्षा मोठी असेल, तर तिथंच सांगा. वर्षातले ठरावीक दिवस वेगळी मर्यादा, आणि ते दिवस कौन्सिलला आधी लेखी कळवायचे, असा पर्याय लिहूनच न्या. निकाल लागल्यावर “ही अट आम्हाला जमणार नाही” म्हणायचं तर नवा अर्ज करावा लागतो.

केस खरोखर काठावर असेल तर एका वर्षाची तात्पुरती परवानगी मागायचा विचार करा. प्रत्यक्ष त्रास होतो की नाही हे चालवून बघण्यासाठी तशी परवानगी देता येते. भाडेकरार पाच वर्षांचा असेल तर मात्र हा सौदा महागात पडतो.

जागेची पाहणी आणि खर्च

इन्स्पेक्टर सगळ्यांना घेऊन जागा पाहायला जातो. कधी हियरिंगच तिथं पुढं चालू राहते, कधी ती बंद करून नुसती पाहणी होते. दुसऱ्या प्रकारात युक्तिवाद करायचा नाही, फक्त “ही ती खिडकी, हा तो मागचा दरवाजा” एवढं दाखवायचं. तुमच्या गाडीतून चला म्हणाल तर तो नको म्हणेल, चहालाही. यात अपमान काही नाही. एका बाजूसोबत एकटं दिसायचं नाही, हा त्याचा नियम.

खर्च ज्याचा त्यानं सोसायचा, हरलं तरी समोरच्याचा द्यावा लागत नाही. अपवाद एकच: कुणी अवाजवी वागल्यामुळे दुसऱ्याचा खर्च वाया गेला असेल तर. कौन्सिलनं एकही पुरावा न देता नकार धरून ठेवला किंवा तुम्ही शेवटच्या दिवशी केस फिरवली, तर असा दावा होऊ शकतो. तो हियरिंग संपण्याआधी करायचा, आणि शक्यतो लेखी. धमकी म्हणून वापरू नका. सल्लागार परवडत नसेल तर आरटीपीआय या नियोजनकारांच्या संस्थेची प्लॅनिंग एड इंग्लंड ही सेवा आहे, तिच्याकडे चौकशी करा.

तुम्ही शेजारी असाल तर

हियरिंगला कुणीही जाऊ शकतं आणि इन्स्पेक्टरच्या परवानगीनं बोलूही शकतं. कौन्सिलला आधी पाठवलेली तुमची पत्रं इन्स्पेक्टरकडे पोचलेली असतात. घराची किंमत उतरेल, खाजगी दृश्य जाईल, आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक पळेल, हे मुद्दे सहसा धरले जात नाहीत. आवाज, अंधार, घरात डोकावणं, रहदारी हे धरले जातात. तारीख-वार लिहिलेली नोंदवही दहा सह्यांच्या एकाच छापील पत्रापेक्षा भारी ठरते.

निकाल

निर्णय त्या दिवशी सांगत नाहीत. नंतर लेखी येतो, वेबसाइटवर सगळ्यांना दिसतो. “अलाउड” म्हणजे परवानगी, “डिसमिस्ड” म्हणजे नकार कायम. फेटाळलं असेल तर तक्रार करण्याआधी पत्र दोनदा वाचा. रोजगाराचा आणि पार्किंगचा मुद्दा तुमच्या बाजूनं लागून फक्त आवाजावर गाडं अडलेलं असेल, तर छत आणि मागचा दरवाजा यांचं काम दाखवून केलेल्या नव्या अर्जाला ते पत्रच मोठा आधार होतं. हायकोर्टात जायचं तर १९९० च्या प्लॅनिंग कायद्याच्या कलम २८८ खाली सहा आठवड्यांची मुदत आहे, पण तिथं निर्णय कायद्यानं चुकला का एवढंच बघतात. इन्स्पेक्टरचं मत पटलं नाही हे कारण चालत नाही.

परवानगी मिळाली असेल तर आधी अटींची यादी काढा. “वापर सुरू करण्यापूर्वी” अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या अटी वेगळ्या करा: आवाज रोखण्याच्या कामाचा तपशील, पार्किंगचा आराखडा, सायकलींची जागा. त्यांच्या पूर्ततेसाठी त्याच कौन्सिलकडे फी भरून अर्ज करायचा असतो, आणि त्याला मंजुरी यायला आठवडे जातात. गणपती सप्टेंबरात असतील तर हा अर्ज मे महिन्यात गेलेला बरा. काम सुरू करायला सहसा तीन वर्षांची मुदत असते, ती तारीख भाडेकरारावरच्या तारखेशी ताडून पाहा.